हौसाबाई आणि उसना गडी

हौसाबाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावण्यात काही अर्थ नाही. तरी रागावते. वाशीमात तुमची आठवण काढणारी जी चार म्हातारी माणसं उरली आहेत ती सगळी एकच सांगतात: बाई मोठी हौशी, वऱ्हाडातला कुठला संघ कसा खेळतो ते तोंडपाठ, आणि हात सढळ, मेथीच्या जुडीवर मूठभर मिरच्या वरून टाकायची. खरं आहे, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं तुम्ही शेवटच्या आजारात तुमच्या सुनेजवळ, गिरजाबाईजवळ बोललात आणि ‘कोनाले सांगू नोको’ म्हणालात. तिनं सांगितलं, आणि बरं केलं. माणसाचं नुसतं चांगलं लिहून ठेवलं की त्याची तसबीर होते, आणि तसबिरीला हार घालण्याखेरीज दुसरं काही करता येत नाही. तेव्हा ऐका. मध्येच ‘तसं नोव्हतं वो’ म्हणून अडवायला तुम्ही नाही, हे मला सोयीचं आहे, तेही कबूल करते.

हौसाबाई वाशीमच्या माळीपुऱ्यातली. बापाचा मळा गावाला लागून आणि मळ्याच्या कुंपणाला लागून आखाड्याचं पटांगण. घरात मुलगा नव्हता, म्हणून आठ-नऊ वर्षांची ही पोर बापाबरोबर मोट हाकायची. विहिरीच्या काठापासून खाली उतरत जाणारी ती मातीची धाव. बैल धावेवरून उतरले की कातड्याची भरलेली मोट वर येते, थारोळ्यात रिकामी होते, आणि बैल पाठमोरे पुन्हा वर. बैलांबरोबर पोरगी धावेच्या माथ्यावर आली की कुंपणापलीकडचं पटांगण सगळं दिसायचं. तिथं हुतुतू चाले. मुलीच्या जातीनं आखाड्याकडे फिरकायचं नाही, हा दंडक. पण बैल हाकणाऱ्या पोरीला ‘डोळे मीट’ कोण सांगणार?

तिथं ती एक माप शिकली आणि ते जन्मभर तिला पुरलं. बैल धावेवरून निघाले त्याच क्षणी एखाद्या गड्यानं मधली रेघ ओलांडून ‘हुतुतू’ धरलं, आणि मोट थारोळ्यात रिकामी होईपर्यंत त्याचा दम टिकला, तर तो गडी कामाचा. त्याआधी तुटला तर घरी जाऊन वांगी तोडावी. पंच शिट्टी फुंकोत नाही तर फुगोत, हौसाबाईचा निकाल मोटेवर लागायचा. पुढं लग्न झालं, मळा बदलला, आणि बाजारात बसून खेळ पाहायची वेळ आली, तरी तिच्या डोक्यात बैल चालत असायचे. बसल्याबसल्या हाताची बोटं मोटेचा नाडा सोडल्यासारखी हलायची.

नवरा दौलतराव याला वांगी आणि झोप यांखेरीज कशाची आवड नव्हती. नवरा म्हणून फारसा गैरसोयीचा नव्हता. बायको भाजीची पाटी घेऊन पटांगणाच्या कडेला बसते, ते भाजी विकायला की खेळ पाहायला, हे त्यानं कधी विचारलं नाही. बायकांनी सामन्याला जायचं नसतं हे खरं, पण भाजीवालीला हटकायचं तर भाजी कुठून घ्यायची? त्यामुळं पंचांच्या खुर्चीपासून दहा हातांवर, वांगी-मेथीच्या पाट्यांमागे, वाशीमातली सगळ्यात जाणकार प्रेक्षक बसलेली असायची आणि अर्ध्या गावाला ती भाजीवालीच वाटायची.

उरलेल्या अर्ध्या गावाला मात्र ठाऊक होतं. दिवाळी झाली, कापूस वेचून झाला, की सामन्यांचे दिवस. मग वकील असो नाही तर हमाल, भाजी घेता घेता विचारणारच:

“हौसाबाई, औंदा पाहाजोगा संघ कोन्ता वो?”

“पाहाजोगा की जिंकाजोगा? दोन अलग हायेत, बाप्पा.”

“दोनी सांग.”

“रिठदचे गडी धराले पक्के. एक डाव मांडी धरली का सोडत नाईत, मंग तुमी कोर्टातून कागद आना. पर त्याह्यच्यात चढाई करनारा नाई. मालेगाववाले चढाईले चांगले, पर अर्धा दम पंचासंग भांडन्यातच घालवतात. मेडशीचे दोघं भाऊ पाहाजोगे. त्याह्यचं एकमेकासंग बोलनं नाई, म्हनून खेळतात मुक्यावानी, अन् बरोब्बर खेळतात.”

“अन् कॉलेजवाले?”

“कॉलेजचे पोट्टे पडले का पयले धूळ झटकतात. थे झटकतात तवरी आपला गडी रेघ वलांडून घरी.”

पण मोटर भरून अकोल्याचं, अमरावतीचं कॉलेज खेळायला आलं की ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. पांढऱ्या अर्ध्या चड्ड्या, शिट्टीबरोबर सात जणांचं एकदम वळणं, एकानं धरलं की बाकीच्यांचं साखळीसारखं येऊन पडणं. हे तिला आवडायचं. तोंडानं मात्र कबूल करायची नाही.

आपला म्हणून जो संघ तो माळीपुऱ्याचा. त्याचा कप्तान उत्तमराव, पानमळ्याचा मालक, अंगानं थोराड, डोक्यानं ठीक. या संघाला सगळं होतं, दमाचा गडी नव्हता. मालेगावकरांनी तीन वर्षं ओळीनं पाडलेलं. तिसऱ्या वर्षी तर मालेगावचे लोक सामना संपल्यावर विचारत होते, “भाजी आनली असन तं ठेवून जा, गडी घेऊन जा.”

आणि त्याच साली हौसाबाईनं रूपला शोधला.

मालेगाव सोडून मेडशीकडे जाताना डोंगरात बंजाऱ्यांचा एक तांडा होता. तिथली माणसं डिंक, चारोळी, लाकूडफाटा घेऊन वाशीमच्या बाजाराला यायची. त्यातला हरिसिंगाचा हा मुलगा, वीस-एकवीस वर्षांचा, काटक, लांब मानेचा. बाजार उठल्यावर तांड्याची पोरं पटांगणाच्या कोपऱ्यात आपसात खेळत होती. हौसाबाई उरलेली वांगी गोळा करत होती. कानावर ‘हुतुतू’ पडलं आणि सवयीनं तिचे डोक्यातले बैल निघाले. मोट वर आली. रिकामी झाली. बैल मागे वर चढले, मोट पुन्हा बुडाली, पुन्हा निघाली. आवाज तसाच, तेल लावलेल्या चाकासारखा. हौसाबाईच्या हातातलं वांगं हातातच राहिलं.

“अबे, इकडं ये,” तिनं हाक मारली. “कोनाचा तू?”

“हरिसिंगचा. काहून?”

“दम कोठी शिकला?”

“शिकाले काय लागते, मावशी? डोंगर चढताना गुरं हाकलतो. दम तुटला का गुरं पांगतात.”

“उत्तमराव!” हौसाबाई पटांगणापलीकडं ऐकू जाईल अशी ओरडली. “इकडं या! तुमच्या तीन सालाचं औषद सापडलं!”

आता एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या भागात एका गावाचा संघ दुसऱ्या गावचा गडी एखाद्या सामन्यापुरता मागून घ्यायचा. त्याला ‘उसना गडी’ म्हणत. मागायचा म्हणजे सुपारी पाठवायची. सुपारी हातात घेतली की तो सामना होईपर्यंत गडी त्या संघाचा. बापानं बोलावलं तरी दुसरीकडं जायचं नाही. सुपारी घेऊन जो फिरला त्याला पुन्हा जन्मात कुणी सुपारी दिली नाही. लिहिणं-वाचणं काही नाही, सही-शिक्का नाही, पण हे चाललं होतं आणि नीट चाललं होतं. माळीपुऱ्याची सुपारी रूपलाला हौसाबाईच्या हातून जायची, कारण बाजाराला आला की त्याचं पहिलं टेकणं तिच्या पाटीपाशी. ती त्याला कांदा-भाकर द्यायची. पानावर, थोडं लांबून. ती त्या काळाची रीत होती आणि तिनं ती मोडली नाही, हेही नोंदवते.

दोन वर्षं तो असा आला-गेला. १९३५च्या हिवाळ्यात अमरावतीच्या कॉलेजचा संघ दौऱ्यावर निघाला आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वाशीमला खेळला. माळीपुरा हरला, पण थोडक्यात, आणि कॉलेजचे सहा गडी एकट्या रूपलानं बाद केले. शेवटच्या चढाईला चौघांनी त्याला दाबला तरी हात रेघेला लागेपर्यंत त्याचा आवाज मातीतून येत होता. सामना संपल्यावर कॉलेजचे खेळाचे मास्तर, चष्मेवाले, गळ्यात शिट्टी, सरळ त्याच्याकडे गेले.

“शाबास. नाव काय रे तुझं?”

“रूपला हरिसिंग.”

“आमच्याकडे येशील का?”

रूपलानं हौसाबाईकडं पाहिलं. ती हसली. “यीन,” तो म्हणाला.

“मग तुला बोलावून घेतो.”

तांड्याच्या गाड्या निघाल्या होत्या, म्हणून तो पळत गेला. मास्तर इतरांशी बोलून घटकाभरानं परतले तर गडी नाही. पंच म्हणून बसलेल्या शाळामास्तरांनी हौसाबाईकडं बोट दाखवलं.

“बाई, तुम्ही त्याला ओळखता?”

“वळखता म्हंजे? म्याच शोधला त्याले. कांद्यावानी मातीतून उपसला.”

मास्तर हसले आणि उभ्या-उभ्या एक चिठ्ठी लिहिली. मग ती अडाणी आहे हे लक्षात घेऊन नीट समजावून सांगितलं. सांगणाऱ्यानं काही कसूर केली नाही. “आम्ही इथून हिंगोली, नांदेडला जातो. पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी याच रस्त्यानं परत. मेडशीला मोटर थांबते तिथं त्याला उभं राहायला सांगा. दोन धोतरं आणि घोंगडी आणली की झालं. आमच्या व्यायामशाळेत एका माणसाची जागा आहे. कायमची. राहायला खोली, जेवण मुलांबरोबर. आणि माघात मोठे सामने आहेत, वऱ्हाडच्या संघात मी त्याला उतरवतो. पण हा एकच दौरा, बाई. जागा फार दिवस रिकामी ठेवता येणार नाही. निरोप पोचेल ना?”

“पोचन. माह्या हातची भाजी कोमेजत नाई, निरोप काय कोमेजते?”

चिठ्ठी तिनं पान-तंबाखूच्या चंचीत ठेवली. त्या दिवशी ती आनंदात होती, खरोखर होती. घरी जाऊन दौलतरावाला उठवून सांगितलं, “म्या शोधलेला गडी वऱ्हाडच्या संघात जाते.” दौलतराव “जाऊ दे” म्हणाला आणि कुशीवर वळला.

मग पुढच्या बाजाराच्या सकाळी उत्तमराव आला. हातात सुपारी.

“हौसाबाई, उद्या मालेगावचा सामना ठरला. आज रूपला आला का हे देजो. आज मुक्कामाले ठेवून घेऊ, सकाळी गाड्या जुपू. औंदा मालेगावले लोण चढवतो!” सगळेच्या सगळे सात गडी बाद करणं म्हणजे लोण. माळीपुऱ्यानं मालेगाववर लोण चढवलेला जिवंत माणसाच्या आठवणीत नव्हता.

“उद्याच?” हौसाबाईनं विचारलं.

“उद्याच. काहून?”

“काई नाई.”

सुपारीही चंचीत गेली, चिठ्ठीशेजारी.

त्या सकाळी तिच्या मनात काय चाललं ते तिनं गिरजाबाईला सांगितलं, आणि गिरजाबाईनं मला सांगितलं ते असं. चिठ्ठी आधी दिली तर तो उद्या मेडशीला उभा राहणार; सामना गेला. सुपारी आधी दिली तर तो कुठंच जात नाही. मग चिठ्ठी सामन्यानंतर द्यावी. एका दिवसानं काय होतं? आणि एक असं की मास्तरांनी सुपारी कुठं पाठवली? ज्याला गडी खरंच पाहिजे तो सुपारी पाठवतो. चार माणसांत हातावर ठेवतो. कागद काय, वाण्याच्या पुडीलाही असतो. सुपारी नाही त्या अर्थी बोलणं अजून पक्कं नाही. पक्कं असेल तर ते पुन्हा येतील, पुन्हा विचारतील, जसा उत्तमराव दरवर्षी येतो.

कॉलेजची माणसं सुपारीवर नाही, घड्याळावर चालतात, हे तिला मुळीच ठाऊक नव्हतं असं लिहायला मला आवडलं असतं. पण ‘एकच दौरा’ हे शब्द तिनं ऐकले होते. तिला मालेगाववर लोण पाहायचं होतं. चाळीस वर्षांच्या बाईला, जिला कुणी कधी काही पाहू दिलं नाही, जिनं जे पाहिलं ते चोरून पाहिलं, तिला एक सामना पाहायचा होता. मला ते समजतं. समजतं म्हणून माफ होतं असं नाही.

रूपला आला. डोक्यावरची लाकडं टाकली, बसला, आणि पहिला प्रश्न तोच.

“मावशी, कॉलेजातून काई निरोप?”

हौसाबाईचा हात चंचीत गेला. दोन्ही वस्तू बोटांना लागल्या. तिनं सुपारी काढली.

“उद्या मालेगाव.”

रूपलानं सुपारी घेऊन कपाळाला लावली, पण तोंड उतरलं. “मास्तर म्हनले होते बोलावतो म्हनून.”

“बोलावतीन. मोठ्या मानसाह्यचं काम हळूहळू असते. जेव.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोन गाड्या मालेगावच्या रस्त्याला लागल्या. पुढच्या गाडीत उत्तमराव आणि चौघे. मागच्या गाडीत रूपला, दोन गडी, आणि मालेगावला भाजी विकते या निमित्तानं पाट्यांसकट हौसाबाई. ऊन चढू लागलं आणि मागून भोंगा वाजला. गाडीवानानं बैल कडेला घेतले. कॉलेजची मोटर. रूपला गाडीत ताडकन उभा राहिला, डोक्याचं फडकं सोडून हलवायला लागला.

“कॉलेजवाले! मावशी, पाय! मास्तर पुढं बसेल हायेत! ओ मास्तर!”

“बस बे खाली,” पुढून उत्तमराव ओरडला, “बैल बुजतीन!”

मास्तर ड्रायव्हरशेजारी बसले होते. मनगट डोळ्यांजवळ धरून घड्याळ पाहत होते. मेडशीची वेळ गाठायची होती ना! मागच्या एका पोरानं गाडीकडं पाहून हात हलवला, जसा कुठल्याही गाडीकडं पाहून हलवतात. चंची हौसाबाईच्या कमरेला होती. ‘थांबवा’ एवढा एक शब्द. तिचा आवाज पटांगणापलीकडं जायचा, हे वर सांगितलंच आहे. मोटर पुढं गेली, धुरळा गाडीवर आला, आणि धुरळा बसेपर्यंत मोटर दिसेनाशी झाली.

रूपला खाली बसला. फडकं मांडीवर तसंच.

“पायलं नाई त्याहीनं मले.”

“धुरळा लय होता,” हौसाबाई म्हणाली.

मालेगाववर लोण चढला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी समोर तिघं उरलेले असताना रूपला आत शिरला आणि तिघांनाही घेऊन परत आला. लोकांनी पागोटी उडवली. उत्तमराव रडला. मालेगावच्या एका म्हाताऱ्यानं हौसाबाईच्या पाटीवरून मुळा उचलून रूपलाच्या हातात दिला आणि म्हणाला, “घे रे पोट्ट्या, आमच्याजवळ आता द्याले येवढंच हाये.” सगळे हसले. हौसाबाईही हसली. पण तिची बोटं त्या दिवशी हलली नव्हती. तिनं मोटा मोजल्याच नव्हत्या. ती पाहत होती तो मेडशीचा रिकामा रस्ता.

सामन्यानंतर सांगायचं असं ठरवलं होतं. सामना संपल्यावर रूपला तिच्याजवळ आला, धुळीनं पांढरा, आणि म्हणाला, “मावशी, तुह्या सुपारीची लाज राखली.” आता यावर ती काय सांगणार होती? सांगायला हवंच होतं, तरी म्हणते. दुसऱ्या दिवशी अकोल्याची सर्व्हिस मोटर पकडून तो अमरावतीला गेला असता, मास्तरांच्या पाया पडला असता, जागा कदाचित उरली असती. एक दिवसाची चूक होती, तिनं ती जन्माची केली.

पंधरा दिवसांनी उत्तमरावाच्या नावानं कार्ड आलं. शाळामास्तरांनी वाचलं: मेडशीस पाऊण तास थांबलो, गडी आला नाही, त्याची इच्छा नसावी असे समजून जागा दुसऱ्यास दिली, कळावे. उत्तमरावाला काही उमगेना. तो कार्ड घेऊन हौसाबाईकडं आला.

“हे काय हाये वो? कोन्ती जागा?”

हौसाबाईनं सांगितलं. सगळं. चिठ्ठी काढून दाखवली. तिला वाटलं तो ओरडेल, शिव्या देईल, आणि तिला ते हवं होतं.

उत्तमरावानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग तिच्या पाटीवर थाप मारून हसला.

“हुशार बाई हायेस तू! दिली असती तं गेला असता न् आपला गडी. कोनाजवळ बोलू नोको.” चिठ्ठी आणि कार्ड दोन्ही त्यानं चार तुकडे करून नालीत टाकली. हौसाबाईला कुणीतरी शाबासकी द्यायची ती जन्मात पहिली वेळ. ती त्या रात्री जेवली नाही, असं गिरजाबाई म्हणाली. जेवली असती तरी माझं म्हणणं तेच राहिलं असतं.

त्यानंतर वर्षभर रूपला दर बाजाराला विचारायचा, “कॉलेजातून काई?” आणि ती म्हणायची, “नाई बाप्पा.” एकदा तो म्हणाला, “मेडशीवाले सांगतात, त्या दिवशी मोटर तथी लय वेळ उभी होती. चाक बसलं असन.” ती म्हणाली, “असन.” मग तो विचारायचा थांबला. विचारणं थांबलं ते तिला जास्त लागलं.

तो माळीपुऱ्याकडून आणखी तीन-चार हिवाळे खेळला. दरवेळी आधीपेक्षा थोडा कमी. मग महायुद्ध आलं. मोटरी कोळशाच्या धुरावर चालू लागल्या, दौरे बंद झाले, कॉलेजं यायची थांबली. पटांगणात शाळेनं जाळी बांधून हातचेंडू सुरू केला. उत्तमराव म्हातारा झाला. सुपारीची रीत आपोआप गेली. मागायला संघच उरला नाही. तरीही कुणीतरी भाजी घेता घेता गमतीनं विचारायचं, “हौसाबाई, औंदा पाहाजोगा संघ कोन्ता?” ती म्हणायची, “डोळ्याले दिसत नाई आता.” डोळे चांगले होते.

१९४३च्या उन्हाळ्यात रूपला बायको गोमतीबाईबरोबर तिच्या पाटीपुढं उभा राहिला. कंत्राटदाराच्या खडीवर दगड फोडायला दोघं चार वर्षं जात होती. आताही परभणीकडच्या रस्त्यावर निघाली होती. तो बसला आणि खोकला. खोकला थांबायला वेळ लागला. हौसाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, थेट त्याच्या हातात, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

“दगडाची भुकटी छातीत जाते,” गोमतीबाई म्हणाली. “आयकत नाईत. मी म्हनतो नोका जाऊ.”

“मंग खाशीन काय, धुरळा?” रूपला हसला. मग हौसाबाईकडं वळून, खालच्या आवाजात, “मावशी, एक काम करशीन?”

“सांग ना.”

“त्या मास्तरले एक कार्ड लिहवून पाठव. हाये का थे अजून, कोनाले ठाव. मले जागा नोको आता, काई नोको. येवढंच इचार का म्हना, बोलावतो म्हनले अन् बोलावलं काहून नाई. माह्यात काय कमी पायलं त्याहीनं? थे सांगितलं तं बरं होईन. मानसाले ठाव असलं पायजे.”

“ठाव असलं पायजे,” हौसाबाई म्हणाली.

“लिहवशीन ना? मी दिवाळीले येतो, तवा सांगजो काय जबाब आला तं.”

“लिहवीन.”

गोमतीबाईनं गाठोडं उचललं. हौसाबाईनं तिच्या ओटीत कांदे टाकले, फार टाकले, ती नको नको म्हणेपर्यंत.

लिहायला माणूस नव्हतं असं नाही. वकिलांची ललिताबाई नागपूरच्या कॉलेजात शिकत होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आली होती. रोज सकाळी ती स्वतः भाजीला यायची, आणि लिहून द्यायला एका पायावर तयार असायची. गावातल्या निम्म्या बायकांची पत्रं तीच लिहायची. पहिल्या दिवशी हौसाबाईनं तिला थांबवलं.

“ललिताबाई, एक कार्ड लिहाचं होतं.”

“लिहू की. कुणाला?”

हौसाबाई मेथीच्या जुड्या हलवत राहिली. काय सांगायचं? रूपला विचारतो का बोलावलं नाही, असं? आणि मास्तरांचं उत्तर आलं, आम्ही बाईच्या हाती चिठ्ठी दिली होती, तर ते वाचून कोण दाखवणार? हीच ललिताबाई.

“उद्या सांगीन,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं वांग्यांबद्दल सांगितलं. तिसऱ्या दिवशी ललिताबाईनंच विचारलं, “हौसाबाई, तुमचं कार्ड राहिलं ना?”

“काम नाई आता,” हौसाबाई म्हणाली, आणि तिच्या पिशवीत मूठभर मिरच्या टाकल्या. जून संपताना ललिताबाई नागपूरला गेली. दिवाळीला तांड्याची माणसं बाजाराला आली तेव्हा हौसाबाई आठ दिवस मळ्यातून बाहेर पडली नाही. पाटी गिरजाबाई घेऊन बसली. रूपला आला होता का, एवढंही तिनं सुनेला विचारलं नाही. कार्ड कुणी लिहिलं नाही.